अंबरनाथ ते न्हावा-शेवा : एका परवान्याचा इतिहास

स्मरणिका म्हटली की संघटनेचा इतिहास ओघानेच येतो. पहिली कार्यकारिणी, पाण्यासाठी आणि रस्त्यांसाठी घातलेल्या खेपा, वर्धापनदिनाचे फोटो हे सगळे पुढच्या पानांवर आहेच. संपादक मंडळाने मला मात्र वेगळ्याच संस्थेचा इतिहास लिहायला सांगितले. तिचे कार्यालय अंबरनाथला नाही, बदलापूरलाही नाही. तिच्या कुणा अधिकाऱ्याला आपण आजवर शाल-श्रीफळ दिलेले नाही. तरीही तिच्या कागदावाचून आपल्यातल्या बऱ्याच जणांचा माल न्हावा-शेवाच्या फाटकातून पुढे सरकत नाही. ही संस्था म्हणजे दिल्लीतले परकीय व्यापार महासंचालनालय, आपल्या बोलीत डीजीएफटी. आणि तिच्याकडची स्कोमेट नावाची यादी. विशेष रसायने, सूक्ष्मजीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान अशी ही यादी आहे. तिच्यातली वस्तू साबण, औषध किंवा मोटारीचा सुटा भाग करायलाही लागते आणि अणुबॉम्ब, क्षेपणास्त्र किंवा विषारी वायू करायलाही. म्हणून तिची निर्यात परवान्याशिवाय होत नाही.

या कचेरीचा जन्म टंचाईतला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली आयातीवर सरकारी नियंत्रण आले. त्याच युद्धासाठी कल्याणजवळ लष्करी छावणी वसली आणि फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित येऊन १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. छावणीचे शहर झाले, नियंत्रणाचा कायदा झाला. १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा पुढे ४५ वर्षे चालला. आयात-निर्यात मुख्य नियंत्रक असे तेव्हा या खात्याचे नाव होते आणि ते सार्थ होते, कारण परकीय चलन वाचवणे हेच त्याचे काम. एखादे स्विस लेथ किंवा जर्मन पंप मागवायचा तर मुंबईच्या कचेरीत चपला झिजवाव्या लागत, हे आपल्या वडीलधाऱ्यांकडून सर्वांनी ऐकले आहे. १९९१ मध्ये नाव बदलून महासंचालनालय झाले, १९९२ मध्ये परकीय व्यापार (विकास व विनियमन) कायदा आला. आयातीची कुलुपे निघाली. निर्यातीचे एक छोटे कुलूप मात्र जागच्या जागी राहिले, आणि आपला विषय तेच कुलूप आहे.

त्या कुलपाची पहिली किल्ली फिरली ती एका अगदी साध्या मालावरून. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून थोरियम निघते. थोरियम नायट्रेट हे तेव्हा गॅसबत्तीच्या मँटलला लागणारे रसायन. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेल्या जाणाऱ्या बत्त्यांचा पांढरा उजेड त्याचाच. पण थोरियमपासून अणुइंधन करता येते, म्हणून त्यावर साऱ्या जगाची नजर. १९५३ मध्ये भारताने पोलंडच्या जहाजातून थोडेसे थोरियम नायट्रेट चीनला पाठवले आणि वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. असा माल साम्यवादी देशांना देणाऱ्याची मदत तोडावी, असा अमेरिकेचा कायदा होता. आमचा माल आम्ही कुणाला विकावा हे दुसऱ्याने सांगू नये, अशी नेहरूंची भूमिका. शेवटी तोडगा निघाला तो शुद्ध व्यापारी : अमेरिकेनेच भारताचे थोरियम नायट्रेट विकत घ्यायचे. दुहेरी वापराच्या वस्तूवरून भारताचे परदेशाशी झालेले हे बहुधा पहिले मोठे भांडण.

दुसरे भांडण फार मोठे. १८ मे १९७४, पोखरण. त्या स्फोटाचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतले. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे आणि दोन्ही दिलेले शांततेच्या वापरासाठी. भारताने स्फोटालाही शांततामय म्हटले. देणाऱ्यांना ते पटले नाही. कॅनडाने सहकार्य थांबवले. अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, कॅनडा आणि जपान या सात देशांनी लंडनमध्ये बैठका सुरू केल्या. पुढे संख्या वाढली, १९७८ मध्ये त्यांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, आणि अणुपुरवठादार गट या नावाने ते मंडळ जगाला माहीत झाले. आज त्यात ४८ देश आहेत. ज्या घटनेमुळे हा गट जन्मला ती घडवणारी प्रयोगशाळा आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे, हे अंबरनाथच्या स्मरणिकेत नोंदवायला हवे.

त्यानंतरची पाव शतकाची गोष्ट आपल्या गावात वेगळी सांगावी लागत नाही. स्वातंत्र्यानंतर पहिल्याच काही वर्षांत स्विस तंत्रज्ञांच्या मदतीने इथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली ती मुळी या विचाराने, की यंत्र बनवणारे यंत्र आपल्याकडे असावे. शेजारी आयुध निर्माणी. शीळ-बदलापूर रस्त्याला नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा. या तिन्हींच्या आसऱ्याने अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात टर्निंग, ग्राइंडिंग, उष्णताप्रक्रिया करणारी लहान दुकाने वाढली. १९७४ नंतर आणि विशेषतः मे १९९८ च्या पोखरण स्फोटांनंतर अमेरिकेने याद्या काढल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या यादीत सुमारे दोनशे भारतीय संस्था होत्या. भाभा अणुसंशोधन केंद्र तर होतेच, शिवाय संरक्षण प्रयोगशाळा आणि आयुध निर्माण्याही होत्या. त्यांना माल द्यायचा तर परदेशी विक्रेत्याला त्याच्या सरकारचा परवाना हवा, आणि तो बहुधा मिळतच नसे. बेअरिंग, सेन्सर, मापनयंत्र असा किरकोळ मालही अडे. ज्याला नकाराचे पत्र येते त्याला निर्यात नियंत्रण म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही.

आपली बाजू मात्र धुतल्या तांदळासारखी नव्हती. १९८३ च्या अखेरीस जर्मनीच्या एका दलालाने नॉर्वेचे १५ टन जड पाणी स्वित्झर्लंड आणि दुबईमार्गे मुंबईला वळवले, असे पुढे युरोपातल्या तपासांतून बाहेर आले. अमेरिकी बेरिलियम भारतात पोचवल्याबद्दल जर्मनीतल्या एका कंपनीला दंड झाला. विक्रीच्या बाजूनेही डाग आहेत. १९९२ मध्ये भारतातून सिरियाला गेलेल्या ट्रायमेथिल फॉस्फाइटचा बोभाटा झाला. ते कीटकनाशकाचा कच्चा माल आणि विषारी वायूचाही. २००१ पर्यंतच्या काळात दिल्लीच्या एका कंपनीने इराकच्या क्लोरीन प्रकल्पाला खोट्या वर्णनाने सामान पाठवल्याचे प्रकरण तर न्यायालयात गेले. स्मरणिकेत असले लिहू नये असे कुणी म्हणेल. मला वाटते, लिहावे. नियम परक्यांनी लादले एवढेच ऐकत आपण मोठे झालो, आणि ते अर्धेच खरे आहे.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर आंतरराष्ट्रीय निरीक्षक इराकमध्ये शिरले तेव्हा त्यांना युरेनियम समृद्धीचा मोठा छुपा कार्यक्रम सापडला. तो उभा राहिला होता युरोपातून राजरोस विकत घेतलेल्या यंत्रांवर, व्हॅक्यूम पंपांवर आणि खास पोलादावर. अणुभट्टी विकणाऱ्याला अडवून भागत नाही, लेथ विकणाऱ्यालाही विचारावे लागते, हे तेव्हा जगाच्या ध्यानात आले. १९९२ मध्ये वॉर्सात अणुपुरवठादार गटाने दुहेरी वापराच्या वस्तूंची स्वतंत्र यादी मान्य केली. ती वाचायला घेतली की आपल्या कारखान्यात फिरल्यासारखे वाटते. ३५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाचे काम ६ मायक्रॉनपेक्षा बारीक अचूकतेने करणारे टर्निंग यंत्र. ६ मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. मॅरेजिंग पोलाद. उच्च ताकदीच्या अॅल्युमिनियमच्या ७५ मिलिमीटरपेक्षा रुंद नळ्या. बेलोज-सील व्हॉल्व्ह, जे युरेनियम हेक्साफ्लोराइडच्या गंजवण्याला दाद देत नाहीत. प्रेशर ट्रान्सड्यूसर. कार्बन फायबर. यातली एकही वस्तू बॉम्ब नाही. पण सेंट्रिफ्यूजची नळी मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि तिच्यात किंचितही असमतोल असला तर ती फुटते. म्हणून ती या यंत्रांवाचून होत नाही.

भारताने आपली यादी १९९५ मध्ये काढली. विशेष साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान एवढेच तेव्हा तिच्यात होते. पुढे रसायने आणि सूक्ष्मजीव जोडून ती स्कोमेट झाली. शून्यापासून आठपर्यंत तिचे गट आहेत. शून्य गट अणुसामग्रीचा आणि त्याचा परवाना डीजीएफटी नव्हे, अणुऊर्जा विभाग देतो. सहावा युद्धसामग्रीचा, तो संरक्षण उत्पादन विभागाकडे. सातवा राखीव आहे. पहिला रसायनांचा, तिसरा साहित्य आणि प्रक्रिया उपकरणांचा, चौथा अणूशी संबंधित इतर उपकरणांचा. उरलेल्या गटांत सूक्ष्मजीव, अवकाश, इलेक्ट्रॉनिक्स, लेसर वगैरे. डीजीएफटीकडे येणारे अर्ज एका आंतरमंत्रालयीन गटासमोर जातात. त्यात परराष्ट्र, अणुऊर्जा, संरक्षण संशोधन, अवकाश, सीमाशुल्क अशा खात्यांची माणसे बसतात. ते मालाचे तांत्रिक तपशील पाहतात, पण त्याहून जास्त पाहतात ते अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र. माल घेणारा व्यापारी वेगळा आणि तो शेवटी वापरणारा वेगळा. प्रमाणपत्र दुसऱ्याचे हवे. कागदपत्रे पाच वर्षे जपून ठेवावी लागतात.

अंबरनाथचा संबंध पहिल्या आणि तिसऱ्या गटाशी सर्वांत जास्त, आणि इथे जरा थांबले पाहिजे. आपल्याकडच्या औषधी मध्यवर्ती रसायनांच्या युनिटमध्ये ग्लास-लाइन्ड रिअॅक्टर असतोच. शंभर लिटरपेक्षा मोठा आणि वीस हजार लिटरपेक्षा लहान काचअस्तरी रिअॅक्टर यादीत आहे, कारण ज्या भांड्याला हायड्रोक्लोरिक आम्ल खात नाही त्यात नर्व्ह गॅसही बनवता येतो. प्लांट बंद करून जुना रिअॅक्टर आफ्रिकेच्या किंवा आखाताच्या गिऱ्हाइकाला भंगारवाल्यामार्फत विकताना ही गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही. हॅस्टेलॉयचे व्हॉल्व्ह, टायटॅनियमचे हीट एक्सचेंजर यांचीही तीच कथा. रसायनांत थायोनिल क्लोराइड आहे, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड आहे, सौंदर्यप्रसाधनांत आणि सिमेंटच्या मिश्रणात जाणारे ट्रायइथेनॉलअमाइन आहे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीसाठी लागणारे डायमेथिलअमाइन हायड्रोक्लोराइड आहे. तेच ताबून या विषारी वायूच्या पाककृतीतही आहे. रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीतले रसायन सदस्य देशाला पाठवायला आगाऊ परवाना लागत नाही, तीस दिवसांत कळवावे लागते. बाहेरच्या देशाला पाठवायचे तर परवाना हवाच, आणि बाहेर राहिलेले देश मोजके असले तरी इजिप्त आणि इस्राएल त्यांत आहेत.

याशिवाय वर्षाला दोनशे टनांहून अधिक ठरावीक सेंद्रिय रसायने बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आपले उत्पादन जाहीर करावे लागते, फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असलेल्या रसायनांना तर तीस टनांचीच मर्यादा आहे. रासायनिक शस्त्रबंदी करार राबवणाऱ्या हेगच्या संघटनेचे निरीक्षक अशा कारखान्यांत प्रत्यक्ष येतात. भारताने हा करार १९९६ मध्ये मंजूर केला आणि स्वतःचा रासायनिक शस्त्रांचा साठा २००९ मध्ये पूर्ण नष्ट केला.

रसायन गेटबाहेर पडल्यावर आपली जबाबदारी संपली, हा समज किती महाग पडतो ते या पट्ट्याने अणूशी काहीही संबंध नसलेल्या प्रसंगात पाहिले आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कुणीतरी टँकरभर रसायन वालधुनी नदीत ओतले आणि उल्हासनगरच्या वस्तीतल्या माणसांना रात्रीत इस्पितळात न्यावे लागले. टँकर गेटवर नोंदला जातो, पुढे तो कुठे रिकामा होतो हे कोण पाहतो? स्कोमेटचा सगळा व्यवहार याच प्रश्नावर उभा आहे, फक्त नदीच्या जागी समुद्र येतो.

परदेशातली एक गोष्ट आपल्या जॉबवर्कवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी. मलेशियात क्वालालंपूरजवळच्या शाह आलममध्ये एक प्रिसिजन इंजिनिअरिंगचा कारखाना होता. दुबईच्या गिऱ्हाइकाकडून त्याला अॅल्युमिनियमच्या भागांची मोठी ऑर्डर मिळाली, रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख रिंगिट. तेल आणि वायू उद्योगासाठी भाग आहेत असे सांगितले गेले. ऑक्टोबर २००३ मध्ये बीबीसी चायना नावाचे जहाज इटलीत तपासले तेव्हा त्यातल्या पाच कंटेनरांत सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. जहाज लिबियाला निघाले होते आणि मागे पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांचे जाळे होते. कारखान्याने आपल्याला काही ठाऊक नव्हते असे सांगितले. त्यानंतर सहाच महिन्यांत, २८ एप्रिल २००४ रोजी, संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला. प्रत्येक देशाने अशा व्यापारावर कायदा करावा, असे बंधन त्यातून आले. भारताचा सामूहिक संहाराची शस्त्रे व वितरण प्रणाली कायदा २००५ मध्ये झाला. यादीत नसलेली वस्तूही विघातक वापरासाठी जाते आहे हे माहीत असेल तर तिला परवानगी लागते, हे त्यातले सर्वांत धारदार कलम. गंभीर गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. २०१० मध्ये परकीय व्यापार कायद्यातही स्वतंत्र प्रकरण आले, आणि २००५ च्या कायद्याच्या २०२२ मधल्या दुरुस्तीने पैसा पुरवणारेही कक्षेत आले.

आणि आता घरचे प्रकरण. २३ जानेवारी २०२४ रोजी सीमाशुल्क खात्याने न्हावा-शेवा बंदरात सीएमए सीजीएम अटिला हे जहाज थांबवले. ते चीनच्या शेकोऊ बंदरातून कराचीला चालले होते. त्यात इटालियन बनावटीचे सीएनसी यंत्र असलेला २२,१८० किलोचा माल होता. कागदांवर पाठवणारी शांघायची एक लॉजिस्टिक्स कंपनी, घेणारी सियालकोटची एक कंपनी. तपासात वेगळेच पुढे आले : माल तैयुआनच्या एका कंपनीचा, आणि तो कॉसमॉस इंजिनिअरिंग या पाकिस्तानी कंपनीसाठी. हे नाव न्हावा-शेवाच्या अधिकाऱ्यांना ओळखीचे होते, कारण २०२२ मध्ये याच बंदरात त्याच कंपनीसाठीची इटालियन उष्णताविद्युत उपकरणे अडवली गेली होती. डीआरडीओच्या तज्ज्ञांनी यंत्र तपासून ते क्षेपणास्त्र कार्यक्रमात उपयोगी पडू शकते असे सांगितले. पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्याने हे नाकारले. कराचीतल्या मोटारउद्योगाला भाग पुरवणाऱ्या कंपनीने मागवलेले ते साधे व्यापारी लेथ आहे, असे त्याचे म्हणणे. लेथ मोटारीचे भाग कापते हे खरेच आहे. दुहेरी वापराच्या वस्तूबद्दल दोन्ही बाजू एकाच वेळी खरे बोलू शकतात, आणि म्हणूनच निर्णय वस्तूवरून न करता वापरणाऱ्यावरून करावा लागतो. शेजारच्या उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा, विनोद आपण सर्वांनी चघळला आहे. लेबलावर माल कुठला ते वाचता येते, माल कुणाच्या हातात पडणार ते नाही.

ज्या देशाला वेसण घालायला अणुपुरवठादार गट जन्मला, त्याच देशाचे बंदर आता दुसऱ्याचे यंत्र अडवते, ही पन्नास वर्षांची वाटचाल साधी नाही. सप्टेंबर २००८ मध्ये व्हिएन्नात गटाने भारताला खास सूट दिली. त्याआधी भारताने आपली यादी गटाच्या नियमांशी जुळवण्याचे वचन दिले होते आणि ते पाळले. जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत, जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात भारत सदस्य झाला. अणुपुरवठादार गटाचे दार मात्र २०१६ च्या सोल बैठकीपासून चीनच्या आक्षेपामुळे बंद आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पक्कमचे इंदिरा गांधी केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स यांची नावे आपल्या काळ्या यादीतून काढली.

डीजीएफटीची स्तुती इथे थांबवतो. अर्ज आता ऑनलाइन आहेत, माहितीपुस्तिका आली आहे, काही मालासाठी सर्वसाधारण परवाने निघाले आहेत. पण निर्णय दिल्लीतच होतो, आणि यादीची भाषा अशी की मोठ्या कंपनीचा विधी विभागही ती दोनदा वाचतो. चाळीस कामगारांच्या युनिटमध्ये डिस्पॅचचा माणूस हाच निर्यात अधिकारी असतो, तोच शिपिंग बिलाचा मजकूर सीएचएला, म्हणजे कस्टम हाउस एजंटला, फोनवर सांगतो. स्कोमेट क्रमांक त्याने कुठून ओळखावा? एजंट ओळखेल ही आशा फोल आहे. तो कोड पाहतो, रिअॅक्टरचे अस्तर पाहत नाही. या यादीची सोपी मराठी आवृत्ती आणि ठाणे जिल्ह्यातच वर्षातून दोन शिबिरे एवढी मागणी संघटनेने लावून धरावी, असे माझे मत आहे. तिला विरोध करणारा अधिकारी मला दिसत नाही, फक्त मागणारा हवा.

तोवर सभासदांनी एवढे करावे. नव्या गिऱ्हाइकाची चौकशी आली, त्याने किंमत न घासता होकार दिला, यंत्र बसवून द्यायला माणूस नको म्हटले, आणि माल दुबईला पाठवा पण बिल तिसऱ्याच नावावर करा असे सुचवले, तर आगाऊ रक्कम घेण्याआधी वापरणाऱ्याचे प्रमाणपत्र मागा. ते आले नाही तर ऑर्डर सोडा. जुने रिअॅक्टर, व्हॉल्व्ह, सीएनसी यंत्रे परदेशी विकणाऱ्यांनी आधी संघटनेच्या कार्यालयात तपशील दाखवावा.